गणेशखिंडीचे आवार की मुक्त विद्यापीठ: विद्यार्थ्याचे समाधान कशात?

१९४९ साली स्थापन झालेले पुण्याचे विद्यापीठ, म्हणजे आजचे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, आणि १९८९ साली नाशिकला सुरू झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांना समाधानाचा एकच निकष लावणे मला अन्यायाचे वाटते.

पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीच्या आवारात समाधान मिळते ते मुख्यतः माणसांमुळे: तास संपल्यावरही शंका ऐकून घेणारे प्राध्यापक, जयकर ग्रंथालयात शेजारी बसून अभ्यास करणारा मित्र, आणि घरची परिस्थिती बेताची असल्यास ‘कमवा व शिका’ योजनेचा आधार. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर मात्र खोलीचे भाडे आणि खाणावळीचा खर्च यांच्या ओझ्याखाली हे समाधान विरू लागते, आणि ती उणीव उत्तम अध्यापनानेही पूर्ण भरून निघत नाही.

मुक्त विद्यापीठात नोकरी, शेती किंवा घर सांभाळून शिकता येते. लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या स्त्रीसाठी ही सोय फार मोलाची आहे. वर्गाची सोबत तिथे थोडी, म्हणून पुस्तके वेळेवर हाती येणे, अभ्यासकेंद्रातील समंत्रकांनी मनापासून शिकवणे आणि निकाल न रखडणे यांवरच तिचे समाधान अवलंबून राहते. ज्याला पूर्ण वेळ देणे शक्य आहे, त्याला मी आवारच निवडण्यास सांगेन.