घरभराच्या पाण्याला फिल्टर: दहा इंची स्लिम की वीस इंची जंबो?

बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी, गच्चीवर टाकी आणि शॉवरच्या जाळीत लाल गाळ. अशा घरासाठी दुकानात गेलात की दोन हाउसिंग, म्हणजे फिल्टरची बाहेरची भांडी, पुढ्यात येतात: आरओच्या आधी लावतात तसलं दहा इंची स्लिम आणि निळं वीस इंची जंबो. किंमत ऐकली की हात स्लिमकडेच जातो. माझाही गेला होता.

आपल्याकडे पाणी टाकीतून आपसूक उतरतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. टाकी शॉवरच्या तीन मीटर वर असेल तर हातात जेमतेम 0.3 बार, आणि त्यातलाही वाटा फिल्टर खातो. आतलं कार्ट्रिज, म्हणजे गाळ अडवणारं नळकांडं, नवं असेपर्यंत स्लिम ठीक चालतं. गाळ साचला की वरच्या मजल्याची धार करंगळीएवढी होते. स्लिमच्या कार्ट्रिजचा व्यास अडीच इंच, जंबोचा साडेचार, शिवाय लांबी दुप्पट. म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग साडेतीन पटींहून जास्त. जंबोचं कार्ट्रिज महाग, पण बदलायला उशिरा येतं. तोंडंही बघा: मेन लाइन एक इंची आणि हाउसिंगला अर्धा इंची तोंड, तर गळा तिथेच आवळला.

एकच बाथरूम असेल, फक्त वॉशिंग मशीनची लाइन असेल किंवा प्रेशर पंप बसवलेला असेल, तर स्लिम खुशाल घ्या. बाकी घरांना जंबोच.

5 मायक्रॉन वाचून भुलू नका (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; आकडा लहान तितकी गाळणी बारीक). टाकीच्या दाबावर 20 ने सुरुवात करा. बोअरला वाळू येत असेल तर आधी ठिबकवर असतो तसला जाळीचा फिल्टर बसवा. 120 मेश, म्हणजे इंचाला 120 भोकं, साधारण 130 मायक्रॉन. वाळू तिथेच अडते आणि जाळी धुऊन परत वापरता येते. नळावरचे पांढरे डाग मात्र दोन्हींनी जाणार नाहीत. ते क्षार पाण्यात विरघळलेले असतात.

पारदर्शक भांड्यात गाळ दिसतो, ही सोय. पण उन्हात त्यात हिरवं शेवाळ धरतं, म्हणून गच्चीवर निळंच लावा, तेही सावलीत.

देखभाल दोन्हींची सारखीच. बसवतानाच तीन बॉल व्हॉल्व्हचा बायपास (फिल्टर टाळून जाणारी वाट) करून घ्या, नाहीतर कार्ट्रिज बदलताना घरभर पाणी बंद. उघडण्याआधी दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करा, लाल बटण दाबून दाब सोडा, खाली बादली ठेवा, मग पाना लावा. भांडं साबणाने धुवा. ओ-रिंग, म्हणजे भांड्याच्या तोंडावरची रबरी कडी, पुसून तिला सिलिकॉन ग्रीसचा हात द्या; व्हॅसलीन नको, त्याने बरीच रबरं फुगतात. पाना फक्त उघडायला. मी एकदा गळती थांबवायला पान्याने आवळलं, भांड्याला केसाएवढी चीर गेली आणि सकाळी टाकी रिकामी. गळती ओ-रिंगखालच्या वाळूच्या एका कणाने होती.

कार्ट्रिज बदललं की भांड्यावर मार्करने तारीख टाकतो, जुनी न पुसता खाली खाली. एप्रिल-मेच्या तारखा दाटीवाटीने आहेत. तेव्हा टँकर चालू असतो.