नॅप्स२, पीडीएफसॅम, सुमात्रा: ऑफिसच्या कागदांसाठी तीन ओपन-सोर्स अ‍ॅप्स

नाशिकच्या सीबीएसजवळचं (सेंट्रल बस स्टँड) झेरॉक्सचं दुकान असो की सातपूर एमआयडीसीतलं अकाउंट्स खातं, काम तेच: स्कॅन करा, जोडा, साइज कमी करा, अपलोड करा. त्यासाठी क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजवर एकच अ‍ॅप टाकायचं असेल तर नॅप्स२ हे स्कॅनिंगचं अ‍ॅप टाका.

नॅप्स२मध्ये प्रोफाइल (स्कॅनच्या सेटिंग्जचा संच) एकदाच नीट बनवायचं: 200 डीपीआय (इंचाला किती ठिपके), ग्रेस्केल (करड्या छटांसह), ए4. 300 ठेवलं की पिक्सेल सव्वादोन पट होतात आणि फाइल पोर्टलच्या साइज-मर्यादेबाहेर जाऊ शकते. ब्लॅक अँड व्हाइटचा मोह टाळा. फाइल एवढीशी होते, पण तलाठ्याचा फिकट शिक्का उडतो. प्रोफाइलमध्ये स्कॅनरशी जोडणीची पद्धत निवडायची असते: डब्ल्यूआयए निवडल्यावर फीडर (कागदांचा गठ्ठा आपोआप ओढणारा भाग) दिसत नसेल तर ट्वेन करून पाहा. नेटवर्कवरच्या नव्या मशिनला ईएससीएल चालतं, ड्रायव्हर लागत नाही.

फीडर एकाच बाजूने वाचणारा असेल तर आधी सगळ्या पुढच्या बाजू घ्या, गठ्ठा आहे तसा पालथा करून मागच्या घ्या, मग रीऑर्डरमधलं ‘अल्टरनेट इंटरलीव्ह’. साधं ‘इंटरलीव्ह’ दाबलं तर पहिल्या पानामागे शेवटच्या पानाची पाठ येते, कारण मागच्या बाजू उलट्या क्रमाने आलेल्या असतात. दोन कागद एकदम ओढले गेले असतील तर तिथून पुढच्या जोड्या बिघडतात. म्हणून आधी पानांची संख्या सम आहे का ते बघा. मध्येच लाइट गेली तरी पुन्हा उघडल्यावर स्कॅन केलेली पानं परत मिळवायची सोय आहे. हे आपल्याकडे फार कामाचं.

ओसीआरसाठी (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं) आत टेसरॅक्ट हे इंजिन आहे. मराठीची फाइल एकदा नेटवरून उतरवून घ्यावी लागते; मराठी-इंग्रजी मिश्र कागदाला दोन्ही भाषा निवडा. छापील पत्रं, नोटिसा शोधण्याजोग्या होतात. हाताने लिहिलेल्या जुन्या फेरफारांवर मात्र वेळ घालवू नका.

पीडीएफ फाइली जोडण्या-तोडण्यासाठी पीडीएफसॅम. त्याच्या साइटवर एकापेक्षा जास्त आवृत्त्या दिसतील. फुकट आणि ओपन-सोर्स (कोड सगळ्यांना खुला) आहे ती फक्त बेसिक. जोडणं, तोडणं, पानं काढणं यात ती चोख. पान-क्रमांक ‘1-3,7,10-’ असे टाईप करायचे (‘10-’ म्हणजे दहापासून शेवटपर्यंत). निफाडच्या बागायतदाराचा सातबारा, आधार आणि पासबुक एका फाइलमध्ये हवं असेल तर यातला मर्ज पुरेसा. फक्त ‘कॉम्प्रेस’च्या टिकवर विसंबू नका: ती स्कॅनच्या चित्रांची गुणवत्ता कमी करत नाही, त्यामुळे 12 एमबीची स्कॅन फाइल जवळपास तेवढीच राहते. साइज स्कॅन करतानाच आटोक्यात ठेवायची असते. आणि डिजिटल सही असलेला सातबारा यातून जोडला की सही टिकत नाही. मूळ फाइल वेगळी जपा.

वाचायला सुमात्रा. जुन्या, 4 जीबी रॅमच्या कॉम्प्युटरवरही झटकन उघडतं, पासवर्डचं ई-आधारही दाखवतं. पण फॉर्म भरायला आणि डिजिटल सही तपासायला ते उपयोगाचं नाही. त्या कामापुरता अ‍ॅडोबी रीडर ठेवावाच लागतो. तो ओपन-सोर्स नाही, फुकट आहे एवढंच.