बार्बाडोसमधील मुक्काम : दक्षिण किनाराच सोयीचा

बार्बाडोसचा पश्चिम किनारा, विशेषतः होलटाउनच्या आसपासचा भाग, शांत व नितळ पाण्यामुळे प्रसिद्ध असला, तरी तेथील हॉटेलांचे दर पाहता बेताच्या खर्चात फिरणाऱ्याने दक्षिणेकडे वळणेच शहाणपणाचे. आम्ही वर्दिंग येथे स्वयंपाकघर असलेली खोली घेतली आणि ती पैसा वसूल ठरली. रस्त्यावर हात केला की राजधानी ब्रिजटाउनकडे जाणारी पिवळी मिनीबस किंवा ‘झेडआर’ (ठरावीक मार्गावरची खासगी प्रवासी) व्हॅन थांबते (आतील गाणी मात्र कानठळ्या बसवणारी), आणि शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्स या मासेमारीच्या गावी निखाऱ्यावर भाजलेला मासा व मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी) खाऊन टॅक्सीविना परतता येते.

खोली लहान पण लख्ख होती. दोन बर्नरच्या शेगडीवर वरणभात होत असे, आणि या बेटावर नळाचे पाणी थेट पिता येत असल्याने बाटल्या विकत घ्याव्या लागल्या नाहीत. खटकले ते एवढेच, की वातानुकूलनाचे वेगळे पैसे पडतात, हे आरक्षण करताना कोणी सांगितले नव्हते.

पूर्वेकडील बाथशेबा देखणे आहे, परंतु अटलांटिकच्या लाटांमुळे तेथे पोहणे धोक्याचे. दिवसभराची सहल पुरे. क्रिकेटप्रेमींनी, 29 जून 2024 रोजी भारताने टी-20 विश्वचषक जिंकला ते ब्रिजटाउनचे केन्सिंग्टन ओव्हल मैदान पाहण्यासाठीही दक्षिण किनाराच सोयीचा मानावा. डिसेंबर ते एप्रिल दर चढे असतात. जून ते नोव्हेंबर स्वस्ताई असते, पण तो वादळांचा हंगाम आहे.