काळ्या मातीवर धावपट्टी: डांबर घालावं की काँक्रीट?

मराठवाड्यात धावपट्टी वाढवायची असो किंवा नवा ॲप्रन, म्हणजे विमानं उभी करायची जागा, करायचा असो, खाली काळी माती निघाली की हा प्रश्न येतोच. उत्तर शोधताना बहुतेक जण दरपत्रक उघडतात. आधी चाकाखाली काय होतं ते बघायला हवं.

ए-३२० जातीचं भरलेलं विमान साधारण ७७ टनांचं. त्यातला ९५ टक्के भार मागच्या चार चाकांवर, म्हणजे एका चाकावर १८ टन. टायरमधला दाब सुमारे १.४ मेगापास्कल, त्यामुळे चाक टेकतं ती जागा ४० सेंटिमीटर व्यासाची, एका मोठ्या परातीएवढी. एटीआर-७२ या लहान विमानाच्या चाकावर मात्र जेमतेम साडेपाच टन येतात.

डांबरी बांधणीत हा भार खडीतून खडीकडे, शंकूसारखा पसरत खाली जातो. खोलीनुसार दाब किती उरतो ते सांगणाऱ्या बुसिनेस्कच्या सूत्राने ९० सेंटिमीटर खोलीवर एका चाकाचा दाब वरच्या ७ टक्के, म्हणजे १०० किलोपास्कलच्या आसपास उरतो. पण ए-३२० ची जोडचाकं एकमेकांपासून ९३ सेंटिमीटरवर असतात. वरच्या २५ सेंटिमीटरपर्यंत प्रत्येक चाकाचा भार वेगळा राहतो. त्याखाली दोन्ही भार मिसळत जातात आणि पावणेदोन-दोन मीटरवर मातीला एकच मोठं चाक जाणवतं. म्हणून वरच्या थराचा कस टायरच्या दाबावर ठरतो, तर एकूण जाडी विमानाच्या वजनावर. एटीआरसाठी केलेल्या पट्टीवर नुसता डांबराचा नवा थर टाकून मोठं विमान उतरवायचा विचार इथेच चुकतो.

काँक्रीटचा स्लॅब भार झिरपू देत नाही, स्वतः वाकून तो वाटून घेतो. ४० सेंटिमीटर जाडीचा स्लॅब चांगल्या पायावर चाकाचा भार दीडेक मीटर त्रिज्येत पसरवतो. स्लॅबच्या मध्यभागी एका चाकाचा मातीवरचा दाब १० किलोपास्कलच्या घरात येतो, डांबरी बांधणीतल्या दाबाचा दहावा हिस्सा.

हा आकडा बघून 'माती कच्ची आहे, काँक्रीट करा' असं सहज म्हटलं जातं. आमचं मत वेगळं आहे. काळी माती दाबापेक्षा पाण्याने जास्त दगा देते. उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात जातो, पावसाळ्यात ती फुगते, आणि तेही सारखी नाही. बाजूच्या मोकळ्या रानातून पाणी आधी कडेला मुरतं, मधली माती कोरडीच राहते. मग स्लॅब कुठे उचलला जातो, कुठे पोकळ पडतो. मोकळ्या कडेवर चाक आलं तर स्लॅब मध्यापेक्षा तिपटीहून जास्त दबतो. सांध्यातून पाणी उतरलेलं असेल तर प्रत्येक चाकासरशी खालचा चिखल पिचकारीसारखा वर येतो, पोकळी वाढते आणि शेवटी कोपरा तुटतो. डांबरी पट्टी अशा जागी लाटांसारखी वरखाली होते, पण रात्री विमानं नसताना खरवडून नवा थर देता येतो. तुटलेला स्लॅब बदलायला मात्र तो भाग कित्येक दिवस बंद ठेवावा लागतो.

ॲप्रनवर गणित उलटतं. मे महिन्यात पारा ४२ च्या वर असताना डांबर मऊ पडतं आणि उभ्या विमानाची चाकं तासन्‌तास एकाच जागी रुततात. त्यात सांडलेलं इंधन डांबर विरघळवतं. तिथे काँक्रीटच हवं. विमान जिथे थांबतं आणि वळतं त्या टोकाच्या जागांनाही तेच लागू. उरलेली धावपट्टी डांबरी करावी.

दोन्हींखाली माती आधी सुधारावी लागते. काळी माती काढून टाकावी, किंवा तिच्यावर न फुगणाऱ्या मुरुमाचा सुमारे मीटरभर थर द्यावा. चुना मिसळायचा तर प्रमाण प्रयोगशाळेतून ठरवावं आणि माती वापशावर असतानाच रोलर फिरवावा. सीबीआर चाचणी, म्हणजे माती किती भार पेलते ते मोजणारी चाचणी, ९६ तास भिजवलेल्या नमुन्यावरच घ्यावी, कारण कोरडी काळी माती फसवा आकडा देते. २८ नोव्हेंबर २०२४ पासून धावपट्टीची ताकद सांगणाऱ्या पीसीएन या जुन्या आकड्याऐवजी पीसीआर हा नवा आकडा लागू झाला आहे. त्यात मातीचा मापांक, म्हणजे तिच्या ताठपणाचं माप, ६० मेगापास्कलखाली असेल तर 'डी' हा सर्वांत कमकुवत गट पडतो, आणि न सुधारलेली, भिजलेली काळी माती तिथेच जाऊन बसते. डांबर आणि काँक्रीट जिथे भेटतात तो जोड एकदम उभा तोडू नये. डांबराखाली काँक्रीटचा पट्टा काही मीटर आत सरकवावा, नाहीतर पहिला खड्डा तिथेच पडतो.