मोबाईलला जोडायचा डर्मोस्कोप: घ्यावा, पण तळव्यांसाठी

गोव्यातल्या फोंडा, डिचोली, पेडणे भागातल्या फॅमिली डॉक्टरांनी डर्मोस्कोप, म्हणजे कातडीवरचे डाग दहापट मोठे दाखवणारं, मोबाईलला चुंबकाने चिकटणारं भिंग, घ्यावा का? आमचं उत्तर हो. मात्र पाठीवरचे तीळ मोजण्यासाठी घेणार असाल तर पैसे वाया जातील.

मेलानोमा, म्हणजे कातडीच्या रंगपेशींचा कर्करोग म्हटलं की उन्हाने भाजलेल्या गोऱ्या कातडीवरचा तीळ डोळ्यांसमोर येतो. आपल्याकडे हा कर्करोग मुळातच विरळा, आणि होतो तेव्हा बहुतेकदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो. तिथे उन्हाचा संबंध फारसा नसतो. शेतात किंवा रापणीवर अनवाणी वावरणाऱ्याच्या टाचेवरचा काळा डाग कुरूप समजून तासला जातो, वर कॉर्न कॅप लागते, आणि महिने निघून जातात. हे यंत्र तिथे कामाला येतं.

तळव्याच्या कातडीवर कंगोरे आणि चर आळीपाळीने असतात. घामाची छिद्रं कंगोऱ्यावर उघडतात; भिंगातून ती मोत्यांच्या सरीसारखी ओळीने पांढरी दिसतात. रंग दोन सरींच्या मधल्या चरात असेल तर डाग बहुधा साधा तीळ असतो. रंग त्या पांढऱ्या ठिपक्यांच्या पट्ट्यावरच पसरला असेल तर थांबायचं नाही, बायोप्सीला पाठवायचं. जपानचे त्वचारोगतज्ज्ञ तोशिआकी साइदा आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये असे 712 डाग तपासून दाखवलं की कंगोऱ्यावरच्या रंगाची ही खूण सुमारे 86 टक्के मेलानोमांत सापडते आणि साध्या तिळांपैकी जेमतेम 1 टक्क्यात. पुढचा नियमही सोपा आहे. कंगोऱ्यावर रंग असेल तर आकार कितीही असो, बायोप्सी. नेहमीचा निरुपद्रवी नमुना, जसं चरातला रंग, स्पष्ट असेल तर सोडून द्या. दोन्ही नसेल आणि डाग 7 मिलिमीटरपेक्षा मोठा असेल, तरीही बायोप्सी. भिंगाच्या काचेवर मिलिमीटरची पट्टी कोरलेलं मॉडेलच घ्या ते यासाठी.

चर कुठला आणि कंगोरा कुठला हे कळत नसेल तर डागावर फाउंटन पेनची शाई चोळा आणि कोरड्या कापसाने पुसून घ्या. शाई चरात उरते. डागाच्या रेघा शाईच्या रेघांवर बसल्या तर रंग चरात आहे.

फसगत कुठे होते तेही सांगायला हवं. मेंदी आणि केसांचा काळा रंग कंगोऱ्यावर बसून अगदी मेलानोमासारखे दिसतात. काजूच्या हंगामात टरफलाच्या तेलाने काळे झालेले हातही याच शंकेने पाहा आणि आधी कामाची चौकशी करा. टाचेत साकळलेलं रक्त ब्लेडच्या कडेने हलकं खरवडलं की निघून येतं. शिवाय सावळ्या तळव्यांवर नैसर्गिक रंगाचे डाग कंगोऱ्यावरही असतात. साइदांचे आकडे जपानी कातडीचे आहेत, आपल्याकडे जसेच्या तसे लावू नयेत. दोन्ही पायांवर सारखे, बरेच डाग असतील तर घाई नको. एकटाच, नवा, वाढणारा डाग असेल तर घाई करा.

नख पाहताना भिंगाखाली लावलेला पाण्यासारखा द्राव ओघळून जातो, म्हणून सोनोग्राफीची जेल वापरा. काळी पट्टी बुडाशी रुंद आणि टोकाशी अरुंद असेल किंवा रंग नखामागच्या कातडीवर उतरला असेल तर धोका मोठा. गोव्यातल्या शॅकच्या भिंतींवर ज्याचं चित्र असतं त्या गायक बॉब मार्लीला हाच रोग पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता. 1981 मध्ये 36व्या वर्षी तो गेला.

यंत्राच्या तक्रारी दोन. पहिली पावसाळ्याची: आपल्या दमट हवेत भिंगाच्या आत बुरशीचं जाळं धरतं आणि ते पुसता येत नाही. सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पुड्या वरचेवर बदला. काच स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, थेट ओतू नका. दुसरी तक्रार फोटोची: मोबाईल स्वतःच उजेड कमी-जास्त करतो आणि तपकिरी डाग काळा होऊन बसतो. स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि उजेड कुलूपबंद करा. आधी अख्ख्या पायाचा फोटो, मग जवळचा. शेदोनशे रुपयांची चिमट्याची भिंगं कातडीची चकाकी मारत नाहीत. त्यांचा इथे उपयोग नाही.

‘धोका अमुक टक्के’ सांगणाऱ्या अ‍ॅपवर विसंबू नका. अशी बरीच अ‍ॅप्स गोऱ्या कातडीच्या फोटोंवर शिकलेली असतात आणि तळवे त्यात थोडे.

शंका आली की रुग्णाला बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) त्वचा विभागात पाठवा. चिठ्ठीत कुठला पाय, नेमकी जागा, किती मिलिमीटर आणि किती महिन्यांपासून हे लिहा, सोबत पट्टीसह फोटो द्या. स्वतः डाग जाळू नका, अ‍ॅसिड लावू नका, वरवर तासूही नका: रोग किती मिलिमीटर खोल गेला यावर पुढचं ऑपरेशन ठरतं, आणि जळालेल्या कातडीत ती खोली मोजता येत नाही.