जे-क्रेडल की सॅडल? उंच गाडीवर कयाक बांधायची तर

जे-क्रेडल आणि सॅडल म्हणजे गाडीच्या छतावरच्या रॅकला बसवायचे, कयाक (वल्ह्याची अरुंद होडी) धरून ठेवणारे दोन प्रकारचे आधार. एकच कयाक असेल आणि कच्च्या रस्त्यावरून जायचं असेल तर माझं मत सॅडललाच, कारण त्यात कयाक तळावर आडवी बसते, उंची कमी राहते, वारा कमी लागतो आणि खड्ड्यात गाडी डावी-उजवी झुलली तरी वरचं वजन फारसं हेलकावे खात नाही. जे-क्रेडलमध्ये ती कुशीवर उभी राहते, म्हणजे झाडाच्या खालच्या फांद्या पहिल्या तिलाच लागणार. पण दोन कयाक न्यायच्या असतील तर जे-क्रेडलच घ्या, छतावर जागा निम्मी लागते, शिवाय प्लास्टिकची कयाक कुशीवर जास्त दणकट असते, उन्हात पट्टा आवळून तळाला पोचा पडायची भीती कमी.

चढवणं मात्र दोन्हीत जड जातं. सॅडलमध्ये निदान मागून नाक टेकवून पुढे सरकवता येते, जे-क्रेडलमध्ये बाजूने खांद्याच्या वर उचलावीच लागते, आणि उंच गाडीला ते एकट्याचं काम नाहीच.

छताची आणि रॅकची वजनमर्यादा बघताना गाडी चालू असतानाचीच बघा, उभ्या गाडीची मर्यादा बरीच जास्त असते आणि ऑफ-रोडसाठी बरेच जण चालू गाडीच्या मर्यादेहूनही कमी सांगतात, छताच्या मर्यादेत रॅकचं स्वतःचं वजनही धरा हं. पट्टे कॅम बकलचेच (हाताने ओढून आवळायचे), रॅचेटने (दांडा हलवून आवळायच्या पट्ट्याने) जास्त आवळलं जाऊन कयाक चेपते. पट्ट्याला एक पीळ द्या, वाऱ्यात फडफडत नाही. कयाकच्या पुढच्या-मागच्या टोकापासून गाडीला दोर दोन्हीत बांधायचाच, आणि खडबडीत रस्ता संपला की उतरून सगळे पट्टे परत ओढून बघा.