कुत्र्यांच्या पायऱ्या आणि रॅम्प: आखूड पायांच्या पिल्लासाठी कुठलं घ्यावं, कितव्या महिन्यात वापरावं

डॅशहाउंडचं पिल्लू घरी आलं की आठवड्याभरात दोन वस्तू मागवल्या जातात: चावायची खेळणी आणि सोफ्याला लावायच्या स्पंजच्या तीन पायऱ्या. दुसरी खरेदी बहुतेक वेळा फसते, कारण त्या पायऱ्या सोफ्याचं माप घेऊन बनवलेल्या असतात. कुत्र्याचं माप कुणी घेतलेलं नसतं.

ते आपणच घेऊ. सर्रास मिळणारा तीन पायऱ्यांचा संच सुमारे ४० सेंटिमीटर उंच आणि ६० सेंटिमीटर लांब असतो. म्हणजे एकेक पायरी १३ सेंटिमीटर उंच, आणि पाय टेकायला जागा २० सेंटिमीटर. मिनिएचर डॅशहाउंड पूर्ण वाढल्यावर खांद्यापाशी भरतो १३ ते १५ सेंटिमीटर. आपल्याला चिमुकली वाटणारी पायरी त्याच्या खांद्याला लागते, चार महिन्यांच्या पिल्लाला तर त्याहून वर. त्यामुळे ते पायऱ्या चढत नाही, तीन उड्या मारतं. उतरताना प्रकार आणखी बिघडतो. अंग लांब आणि पायरी अरुंद, म्हणून पुढचे पाय दोन पायऱ्या खाली पोचतात तेव्हा मागचे वरच असतात, पाठ मध्ये ताणलेली आणि पोट कडेला घासतंय. उडी टाळायला आणलेली वस्तू उड्याच मारायला लावते.

आता वयाचं. दुकानदार 'तीन महिन्यांपासून चालेल' असं सांगून मोकळा होतो. पिल्लाच्या हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या पट्ट्या असतात, डॉक्टर त्यांना ग्रोथ प्लेट म्हणतात. लांबी तिथूनच वाढते, आणि हाडाचा सगळ्यात नाजूक भागही तोच. पुढच्या पायात कोपराखाली रेडियस आणि अल्ना ही दोन हाडं शेजारी-शेजारी वाढतात. अल्नाची बहुतेक सगळी वाढ तिच्या खालच्या टोकाच्या एकाच पट्टीतून होते, आणि ती पट्टी शंकूसारखी असते. सोफ्यावरून उडी मारून पुढच्या पायांवर आदळलं की शंकूच्या आकारामुळे पट्टी सरकत नाही, चिरडते. मग अल्ना थांबते, रेडियस वाढतच राहते, पाय धनुष्यासारखा वाकतो आणि कोपराचा सांधा बिघडतो. आखूड पायांच्या जातींचे पाय जन्मतः थोडे वाकडेच असल्यामुळे हे घरात पटकन लक्षात येत नाही. दोन्ही पाय सारखे वाकडे असतील तर त्यांची ठेवणच तशी. एकच पाय जास्त वाकू लागला तर डॉक्टर गाठा.

या पट्ट्या लहान जातींत साधारण आठ ते बारा महिन्यांत बंद होतात. बॅसेट हाउंडसारख्या वजनदार जातीला याहून वेळ लागतो, तिथे दीड वर्षापर्यंत जपावं. नेमकं कळायचं असेल तर मनगटाजवळचा एक्स-रे काढावा लागतो, पंचांग बघून कळत नाही.

माझ्या हिशेबाने टप्पे असे. चौथा महिना संपेपर्यंत इमारतीचा जिना नाही, सोफा नाही, उचलूनच न्यायचं. दाराचा उंबरा किंवा ८-१० सेंटिमीटरची एखादी पायरी त्याने आपणहून ओलांडली तर हरकत नाही. चार ते आठ महिन्यांत दोन-तीन बुटक्या पायऱ्या, हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) लावून, हळू आणि शक्यतो फक्त चढताना, उतरवायचं उचलून. आठ ते बारा महिन्यांत थोड्या पायऱ्या दोन्ही दिशांना, पण धावत नाही आणि ओल्या फरशीवर नाही. वर्षानंतर रोजच्या मोजक्या पायऱ्या चालतात. सोफ्यावरून खाली उडी मात्र कुठल्याच टप्प्यात बसत नाही.

ती का बसत नाही, हे कळलं की रॅम्प कशासाठी घ्यायचा तेही कळतं. डॅशहाउंडचे पाय आखूड करणारा जनुकीय बदल २००९ मध्ये सापडला. त्याच जनुकाची दुसरी प्रत, मणक्यांमधल्या गाद्या लवकर कडक करणारी, २०१७ मध्ये ओळखली गेली. या कुत्र्यांत गादीचा मऊ गाभा वर्षाच्या आसपासच सुकून कूर्चेसारखा होऊ लागतो, पुढे त्यात चुना साचतो. म्हणजे हाडांच्या पट्ट्या बंद होऊन 'आता मोठा झाला, मारू दे उड्या' असं आपण म्हणतो, नेमका तेव्हाच गाद्यांचा काळ सुरू होतो. गादी फुटून मज्जारज्जूवर दाब येण्याच्या घटना तीन ते सात वर्षांच्या वयात सर्वाधिक दिसतात, आणि जागा बहुधा छातीचा कणा कमरेला मिळतो तिथली. दर चार-पाच डॅशहाउंडमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. कॉर्गी, बॅसेट, शिह त्झू, पेकिनीज, ल्हासा अप्सो हेही कमी-जास्त प्रमाणात याच रांगेत आहेत.

म्हणून घाबरून कुत्र्याला गादीवर बसवून ठेवू नये. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश अभ्यासात माफक जिना चढणाऱ्या डॅशहाउंडांमध्ये चुना साचलेल्या गाद्या जास्त आढळल्या नाहीत, उलट कमीच दिसल्या. सपाट जमिनीवर रोजचं चालणं पाठीचे स्नायू बळकट ठेवतं. धोका आहे तो आदळण्यात, घसरण्यात आणि वजन वाढण्यात.

आता वस्तूंकडे. स्पंजच्या पायऱ्यांमध्ये घेण्याजोगा प्रकार एकच: पायरी ८ ते १० सेंटिमीटर उंच, पाय टेकायला किमान ३० सेंटिमीटर खोली, रुंदी ४० सेंटिमीटर. असा संच सोफ्यापुढे सव्वा मीटरहून जास्त जागा खातो, म्हणूनच तो कमी विकला जातो. स्पंज फर्निचरवाल्यांच्या भाषेत निदान ३२ डेन्सिटीचा हवा. पायरीच्या कडेवर तळहाताने जोर द्या. कड तीन-चार सेंटिमीटर बसली तर कुत्र्याचा पायही तसाच आत जाईल आणि मनगट मुरगळेल. मखमली कव्हर दिसायला छान, पण त्यावर नखं घसरतात, जाड कॉड्युरॉय बरं. कव्हर चेनचं असावं आणि आत दुसरं जलरोधक अस्तर असावं, नाहीतर मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात एकदा सू मुरली की तो स्पंज दिवाळीपर्यंत वास मारतो. शिवाय चार ते सात महिन्यांत पिल्लाचे दात बदलतात आणि ते कोपरे कुरतडतं. गिळलेला स्पंज आतड्यात अडकला तर शस्त्रक्रियेची वेळ येते. कुरतडणाऱ्या पिल्लाच्या घरात स्पंज नकोच.

घडीच्या प्लॅस्टिक पायऱ्या घेऊ नका. हलक्या असतात, व्हिट्रिफाइड फरशीवर सरकतात, आणि पहिल्या घसरणीनंतर कुत्रा त्यांच्या वाटेला जात नाही.

घडीचा लाकडी रॅम्प बराच बरा, पण जाहिरातीतला उंचीचा आकडा तपासा. मीटरभर लांबीचा रॅम्प ४५ सेंटिमीटरच्या सोफ्याला लावला की २७ अंशांचा चढ होतो, ६० सेंटिमीटरच्या पलंगाला ३७ अंशांचा. ती घसरगुंडी झाली. आखूड पायांना २० अंशांच्या आत हवं, आणि त्याचा सोपा हिशेब असा: उंचीच्या तिप्पट लांबी. सोफ्याला १३५ सेंटिमीटर, पलंगाला १८०. ‘चार टप्प्यांत उंची बदला’ अशा रॅम्पचे खालचे दोनच टप्पे आपल्या कामाचे. उघडल्यावर बिजागरीपाशी फट राहते का, बोट घालून पाहा. नख तिथेच अडकतं. वाळूच्या कागदासारखी खरखरीत पट्टी पंजांची कातडी सोलते. रबरी मॅट किंवा कापलेल्या धाग्याचं कार्पेट चांगलं; वेढ्या-वेढ्यांच्या कार्पेटमध्ये नखं गुंततात.

खरं सांगायचं तर सगळ्यात उत्तम रॅम्प गल्लीतला सुतार करून देतो. १२ मिलिमीटर प्लाय, १३५ बाय ४० सेंटिमीटर, खालून लांबीच्या दोन पट्ट्या, दोन्ही बाजूंना ७-८ सेंटिमीटरच्या कडा, म्हणजे अर्ध्यातून बाजूला उडी मारायची सवय लागत नाही. वरच्या टोकाला सोफ्यावर टेकणारी आडवी फळी, म्हणजे मधे फट उरत नाही. कार्पेट गोंदाने चिकटवायचं, पिना मारायच्याच तर खालच्या बाजूने. वर खिळे नकोत, वर्षभरात त्यांची डोकी वर येतात. पायथ्याशी रबरी जाळी. वजन पाच-सहा किलो भरतं, त्यामुळे रॅम्प हलत नाही. मात्र झाडू मारताना रोज उचलावा लागतो, ही त्याची एकच कटकट. भारतीय बैठक असलेल्या घरात अर्थातच यातलं काहीच लागत नाही, आणि पलंगाचे पाय काढून गादी जमिनीवर आणणं हा तर सगळ्यात स्वस्त रॅम्प.

रॅम्प आणला आणि लावला, एवढ्याने कुत्रा तो वापरत नाही. पहिले दोन-तीन दिवस तो जमिनीवर आडवा पसरून ठेवा, त्यावरून चाललं की उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा शेंगदाण्याएवढा तुकडा. मग एक टोक १० सेंटिमीटर उचला, जमलं की २०, आणि शेवटी सोफ्याला लावा. पाच मिनिटांचा सराव दिवसातून दोन-तीनदा पुरे. पट्टा गळ्यात नको, हार्नेसला लावा, आणि तुम्ही बाजूने चाला. पुढून ओढलं की पिल्लू बसकण मारतं. उतरायला वेगळं शिकवावं लागतं. चढणारा कुत्रा उतरताना हमखास शॉर्टकट मारतो, म्हणून सोफ्याची उरलेली बाजू सुरुवातीचे महिने उशा-खुर्च्या लावून बंदच ठेवायची. रॅम्पसोबत ही नाकेबंदी नसेल तर रॅम्पचे पैसे वाया गेले समजा. सहा महिन्यांचं पिल्लू हे शिकतं तेवढ्या सहज तीन वर्षांचा कुत्रा शिकत नाही, म्हणून चढू द्यायचं वय होण्याआधीच सपाट रॅम्पची ओळख करून द्यावी.

रॅम्पच्या पायथ्याची फरशी सगळे विसरतात. दोन मीटरची सतरंजी खाली रबरी जाळी घालून अंथरा, नखं पंधरा दिवसांनी कापा, आणि शिह त्झू किंवा लांब केसांचा डॅशहाउंड असेल तर पंजांच्या गाद्यांमधले केसही. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकून घसरणं पाठीला उडीइतकंच महाग पडतं.

लिफ्ट नसलेल्या चाळीत किंवा सोसायटीत वेगळा प्रश्न. इमारतीची पायरी १५ ते १९ सेंटिमीटर असते, एका मजल्याला अठरा-वीस पायऱ्या, आणि दिवसातून चार फेऱ्या. यावर कुठलंच उत्पादन नाही, उचलणं हाच उपाय: एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ जमिनीला समांतर. लहान मुलासारखं काखेत धरून लोंबकळवत नेऊ नका. पूर्ण वाढीचा बॅसेट २५-३० किलोंचा होतो, म्हणून चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी जात निवडतानाच हा हिशेब करावा.

रोज रॅम्प चढणारा कुत्रा एके दिवशी पायथ्याशी थबकला, पाठ कमान करून उभा राहिला, उचलताना किंचाळला, तर हट्ट समजू नका. मागचे पाय अडखळणं, पंजा उलटा टेकणं, सू न होणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. तोवर लहान जागेत बांधून ठेवा, मालिश नको, आणि घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी तर मुळीच नको; त्याने पोटात रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडं निकामी होतात. पिल्लू उडीनंतर लंगडलं आणि एक्स-रेत काही दिसलं नाही तरी दोन-तीन आठवड्यांनी दोन्ही पुढच्या पायांचा एक्स-रे पुन्हा काढायला सांगा. चिरडलेली पट्टी पहिल्या दिवशी फिल्मवर बहुतेक वेळा दिसतच नाही.